झोळ पडला, पण मजला पडला नाही

‘लाकूड जळते, कापूस जळतो, लोखंड जळत नाही.’ ज्वलनशील आणि अज्वलनशील पदार्थांचा धडा शिकवताना आपण असे सांगतो आणि मुले ते वहीत लिहून घेतात. एखादा चौकस विद्यार्थी मात्र हात वर करतो : ‘मग लोखंडी सांगाड्याच्या इमारतीला आगीची भीती कशाला?’ प्रश्न साधा आहे, पण त्याचे पूर्ण उत्तर शोधायला अभियंत्यांना विसाव्या शतकाचा शेवट गाठावा लागला. ते उत्तर धड्यात ज्याची अपेक्षाही करणार नाही असे निघाले. पोलाद आगीत आपल्या समजुतीपेक्षा लवकर कमजोर होते आणि तरीही पोलादी इमारत आपल्या समजुतीपेक्षा जास्त वेळ उभी राहू शकते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते पाहू या.

लोहाराच्या भात्यापाशी

लोहार विळा घडवताना लोखंड वितळवत नाही. तो ते लाल होईपर्यंत तापवतो आणि मग हातोड्याने हवा तसा आकार देतो. थंड असताना तोच तुकडा त्याच हातोड्याला दाद देत नाही. म्हणजे वितळण्याच्या कितीतरी आधी लोखंडाची ताकद गेलेली असते. इमारतीचे पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळते. खोलीतील मोठी आग १००० अंशांच्या आसपास जाते. तेव्हा इमारत वितळण्याचा प्रश्नच येत नाही. प्रश्न येतो तो मऊ पडण्याचा.

किती मऊ? पोलादी बांधकामासाठी भारतीय मानक ८०० आहे. त्याच्या २००७ सालच्या आवृत्तीत आगीसंबंधी एक स्वतंत्र प्रकरण असून त्यात यासाठी एक सोपे सूत्र दिले आहे. २१५ अंशांपर्यंत पोलादाची ताकद पूर्ण धरायची. त्यापुढे ९०५ मधून तापमान वजा करायचे आणि ६९० ने भागायचे. जो अपूर्णांक येईल तेवढी ताकद शिल्लक राहिली असे मानायचे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना याचा आलेख काढायला द्यावा. ४०० अंशांना सुमारे ७३ टक्के, ५०० ला ५९ टक्के, ६०० ला ४४ टक्के, ७०० ला ३० टक्के आणि ८०० ला जेमतेम १५ टक्के ताकद उरते.

आता हेच सूत्र उलटे वापरू. समजा, आगीच्या वेळी एखाद्या तुळईवर तिच्या क्षमतेच्या निम्मा भार आहे. म्हणजे ताकद निम्मी होईपर्यंत ती टिकेल. ९०५ मधून ६९० ची निमपट, म्हणजे ३४५, वजा केले की ५६० उरतात. ५६० अंश हे त्या तुळईचे मर्यादा-तापमान झाले. भार क्षमतेच्या ३० टक्केच असेल तर हीच मर्यादा ६९८ अंशांवर जाते. तेव्हा ‘पोलाद किती अंशांना मोडते?’ या प्रश्नाला एकच आकडा हे उत्तर नाही. ते अंगावर किती ओझे आहे त्यावर ठरते.

हे तापमान किती वेळात येते? प्रयोगशाळेतील भट्टीसाठी जगभर एक प्रमाण आग ठरवलेली आहे. तिच्यात हवेचे तापमान ५ मिनिटांत ५७६ अंश, अर्ध्या तासात ८४२, एका तासात ९४५ आणि दोन तासांत १०४९ अंशांवर जाते. अर्थात हे झाले हवेचे तापमान. पोलाद त्याच्या मागोमाग तापते आणि किती मागे राहते ते त्याच्या जाडीवर अवलंबून असते. बटाट्याच्या चकत्या लवकर शिजतात, अख्खा बटाटा वेळ घेतो. कारण तेच : उष्णता पृष्ठभागातून आत शिरते आणि आतल्या वस्तुमानाला तापवते. १० मि.मी. जाडीच्या पत्तीला ४० मि.मी. पत्तीच्या चौपट पृष्ठभाग मिळतो, जर दोघींचे वस्तुमान सारखे धरले तर. म्हणून बारीक तुळया आधी हार मानतात आणि जाडजूड खांब तग धरतात.

पोलादाला पांघरूण

यावरचा सरळ उपाय म्हणजे पोलादाला पांघरूण घालणे. जुन्या काळी खांबाभोवती काँक्रीट ओतत. पुढे जिप्समच्या पाट्या, खनिज तंतूंचे किंवा व्हर्मिक्युलाइटचे फवारे आणि तापल्यावर फुगणारे रंग आले. हा रंग एरवी कागदासारखा पातळ दिसतो. तापमान दोनशे-अडीचशे अंशांच्या पुढे गेले की तो फुगून अनेक पट जाड होतो आणि कोळशासारख्या सच्छिद्र थराने पोलादाला झाकून टाकतो.

जिप्समची गंमत रसायनशास्त्राच्या तासाला सांगण्यासारखी आहे. त्याच्या प्रत्येक रेणुसूत्रात पाण्याचे दोन रेणू बांधलेले असतात. रेणुभार १७२, त्यांपैकी पाण्याचे ३६. म्हणजे वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणीच! आगीची उष्णता आधी हे पाणी सोडवून त्याची वाफ करण्यात खर्ची पडते आणि तोवर पाटीच्या मागचे तापमान शंभरीच्या आसपास रेंगाळते. कोरडी दिसणारी पाटी अशी आतून ओली असते.

पांघरूण प्रभावी आहे, पण ते महाग पडते आणि बांधकामाचा वेळ वाढवते. शिवाय किती पांघरूण घालायचे हे कसे ठरवत? एक तुळई भट्टीत ठेवायची, वरून भार द्यायचा आणि ती किती मिनिटांत फार वाकते ते पाहायचे. या चाचणीत एक गोष्ट सुटून जाते. भट्टीतली तुळई एकटी असते. इमारतीतली तुळई कधीच एकटी नसते. तिच्या दोन्ही टोकांना सांगाडा असतो, डोक्यावर काँक्रीटचा स्लॅब असतो आणि शेजारी न तापलेल्या तुळया असतात. हा शेजार अडचणीच्या वेळी किती मदत करतो? याचे उत्तर एका अपघाताने दिले.

लंडनची आग, १९९०

२३ जून १९९० रोजी लंडनमधील ब्रॉडगेट भागात बांधकाम चालू असलेल्या १४ मजली पोलादी इमारतीत आग लागली. सुरुवात कामाच्या जागी उभारलेल्या एका तात्पुरत्या खोपटात झाली. पाण्याचे स्वयंचलित फवारे अजून सुरू झालेले नव्हते आणि पोलादावरचे पांघरूणही अपुरे होते. साडेचार तास आग चालली, त्यातला बराच वेळ तापमान १००० अंशांच्या वर होते. सूत्राच्या हिशेबाने बरेच काही कोसळायला हवे होते.

प्रत्यक्षात काही तुळया पाव मीटरहून अधिक वाकल्या, काही बारीक खांब सुमारे १०० मि.मी.ने आखूड झाले. पण इमारत उभी राहिली. एकही मजला पडला नाही आणि जीवितहानी झाली नाही. कमजोर झालेल्या खांबांचा भार आजूबाजूच्या सांगाड्याने उचलून घेतला होता. घरात एक आजारी पडला की बाकीचे त्याचे काम वाटून घेतात, तसे.

हा योगायोग की नियम? एका आगीवरून निष्कर्ष काढता येत नाही. प्रयोग करायला हवा आणि प्रयोगासाठी अख्खी इमारत जाळायला हवी!

विमानघरातली इमारत

तसा प्रयोग खरोखर झाला. इंग्लंडमध्ये बेडफर्डशरमधील कार्डिंग्टन येथे हवाई जहाजांसाठी बांधलेली प्रचंड घरे आहेत. १९३० साली फ्रान्समध्ये कोसळलेले आर-१०१ हे हवाई जहाज याच ठिकाणी तयार झाले होते. अशाच एका घराच्या छपराखाली आठ मजल्यांची, ३३ मीटर उंच, ४५ मीटर लांब आणि २१ मीटर रुंद पोलादी इमारत बांधण्यात आली. तुळया ९ मीटर लांबीच्या, वर पन्हळी पत्र्यावर ओतलेला १३० मि.मी. जाडीचा काँक्रीटचा स्लॅब आणि स्लॅबमध्ये ६ मि.मी. जाडीच्या तारांची, २०० मि.मी. अंतराची जाळी. माणसे, कपाटे आणि टेबलांच्या वजनाऐवजी मजल्यांवर वाळूची पोती ठेवली. १९९५-९६ मध्ये या इमारतीत सहा आगी लावल्या गेल्या. २००३ मध्ये आणखी एक मोठा प्रयोग झाला.

यांपैकी एका प्रयोगात खऱ्या कचेरीसारखे सामान मांडून आग लावली. हवेचे तापमान १२०० अंशांवर गेले. तुळयांना पांघरूण नव्हते. त्यांचे तापमान सुमारे ११५० अंशांपर्यंत पोहोचले. आपले सूत्र आठवा : ९०५ अंशांना ताकद शून्य! म्हणजे हिशेबाने त्या तुळया नसल्यातच जमा होत्या. मजल्याला ६०० मि.मी.हून थोडा अधिक, म्हणजे दोन फुटांचा झोळ पडला. पण मजला खाली आला नाही.

तुळया निकामी झाल्या होत्या, तर मग वाळूची पोती कशावर उभी होती? आणि दोन फूट झोळ पडूनही काही तुटले कसे नाही? दोन सोपे प्रयोग करून हे कोडे सोडवता येईल.

प्रयोग पहिला : पट्टी वाकवून पाहा

एक मीटर लांबीची लवचिक पट्टी घ्या. बांबूची पातळ कामटी चालेल. दोन विद्यार्थ्यांनी तिची टोके टेबलावर धरावीत आणि एकमेकांकडे फक्त एक सेंटिमीटर सरकवावीत. पट्टीचा मध्य किती उचलला जातो ते मोजा. तो सुमारे सहा सेंटिमीटर भरेल. एका सेंटिमीटरला सहा! मुलांना आश्चर्य वाटते.

गणित असे : जास्तीची लांबी आणि एकूण लांबी यांच्या गुणाकाराला तीन-अष्टमांशाने गुणायचे आणि वर्गमूळ काढायचे. येथे १ गुणिले १०० गुणिले ३/८ म्हणजे ३७.५, वर्गमूळ ६.१.

आता ९ मीटरची तुळई घेऊ. पोलाद दर अंशाला दर मीटरमागे ०.०१२ मि.मी. वाढते. ६०० अंशांची वाढ झाली की ९ मीटर लांबीत सुमारे ६५ मि.मी. भर पडते. पण टोकांना सांगाडा आहे, बाहेर सरकायला जागा नाही. वरील सूत्रात ९०० सें.मी. आणि ६.५ सें.मी. हे आकडे घातले तर उत्तर ४७ सें.मी. येते. म्हणजे झोळाचा बराचसा भाग हा दुबळेपणाचा नसून वाढलेल्या लांबीचा असतो. तुळईला जास्तीची लांबी ठेवायला जागा हवी असते, ती खाली वाकून मिळते. म्हणून कार्डिंग्टनचा झोळ डोळ्यांना भयंकर दिसला तरी तो मोडण्याची खूण नव्हता.

प्रयोग दुसरा : दोरी आणि भरतकामाची रिंग

पण वजन पेलले कोणी? त्यासाठी कपडे वाळत घालायच्या दोरीकडे पाहा. चार मीटरच्या दोरीवर एकूण आठ किलो वजनाचे ओले कपडे सारखे पसरले आहेत. दोरीला मध्ये १० सें.मी. झोळ असेल तर तिच्यात सुमारे ४० किलो वजनाइतका ताण येतो. झोळ ४० सें.मी. होऊ दिला तर ताण उतरून सुमारे १० किलोवर येतो. घट्ट ताणलेली दोरी तुटते, सैल दोरी टिकते. झोळ वाढला की तेच ओझे कमी ताणात पेलता येते.

आगीत स्लॅबचे हेच होते. तुळया मऊ पडतात आणि स्लॅब खाली झुकू लागतो. आता तो फळीसारखा वाकून भार पेलत नाही, तर झोळीसारखा ताणून भार पेलतो. ताण घेते ती स्लॅबमधली तारांची जाळी. ती थंड राहते, कारण काँक्रीटमधून उष्णता पोलादापेक्षा कितीतरी हळू वाहते आणि जाळी स्लॅबच्या वरच्या भागात असते. खाली पत्रा लाल झाला तरी वरची जाळी आपली बहुतेक ताकद राखून असते.

येथे एक शंका योग्य आहे. दोरीला दोन्हीकडे खुंट्या लागतात. मग झोळीसारख्या स्लॅबला बाजूंनी कोण ओढून धरते? इमारतीच्या कोपऱ्यातल्या स्लॅबला तर दोन बाजूंना ओढून धरणारे कोणीच नसते. आईची किंवा आजीची भरतकामाची रिंग वर्गात आणा. रिंगेत कापड बसवून मध्यावर काही खडे ठेवा. कापड ताणलेले आहे, पण रिंगला बाहेरून कोणी ओढत नाही. कापडाचा आत ओढणारा जोर रिंग स्वतःच्या अंगातल्या दाबाने सोसते. सायकलच्या चाकातही तारा ताणात आणि धाव दाबात असते.

चौकोनी स्लॅबमध्ये अशीच रिंग आपोआप तयार होते. मधला भाग ताणात जातो आणि कडेकडेने काँक्रीटचा एक पट्टा दाबाखाली येतो. ताण सोसायला तारा आणि दाब सोसायला काँक्रीट, दोघांना आपापले आवडते काम मिळते. याला पटल-क्रिया म्हणतात. तिला बाहेरून ओढून धरणारे कोणी नको. हवा असतो तो फक्त चारही कडांना खालून आधार. इंग्लंडमधील संशोधकांनी कार्डिंग्टनच्या निरीक्षणांवरून २००० सालच्या सुमारास हिशेबाची पद्धत बसवली, तिचा गाभा हाच आहे. मजल्याचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाच्या कडेच्या तुळयांना आणि सर्व खांबांना पांघरूण घालायचे आणि चौकोनाच्या आतल्या मधल्या तुळया हिशेबात बसत असतील तर उघड्या ठेवायच्या.

मग सगळेच उघडे ठेवायचे का?

नाही. हा धडा अर्धवट शिकला तर माणसे मरतील. म्हणून त्याची दुसरी बाजू तेवढ्याच ठळकपणे सांगायला हवी.

पहिली गोष्ट खांबांची. स्लॅब झोळ टाकून वाचतो, खांबाला तशी सोय नाही. कार्डिंग्टनच्या एका प्रयोगात खांबांची वरची टोके जोडापाशी उघडी ठेवली होती. ती आगीत चेपली आणि वरचे मजले सुमारे २० सें.मी. खाली आले. त्यानंतरच्या प्रयोगांत खांब पूर्ण उंचीपर्यंत झाकले गेले.

दुसरी गोष्ट प्रसरणाची. न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्रातील सात क्रमांकाची ४७ मजली इमारत ११ सप्टेंबर २००१ रोजी संध्याकाळी कोसळली. तिला विमान धडकले नव्हते. शेजारच्या मनोऱ्याच्या ढिगाऱ्यामुळे तिला आगी लागल्या, शहराची जलवाहिनी फुटल्याने खालच्या मजल्यांच्या फवाऱ्यांना पाणी मिळाले नाही आणि आगी तासन्‌तास चालल्या. तिच्या पोलादावर पांघरूण होते. अमेरिकेच्या मानक संस्थेने २००८ साली चौकशीचा निष्कर्ष दिला, तो असा : लांब तुळया तापून वाढल्या आणि त्यांनी एका मुख्य तुळईला तिच्या बैठकीवरून ढकलून दिले. मजले कोसळले, त्यांच्या आधाराने उभा असलेला एक खांब एकटा पडला, लचकला आणि त्याच्यामागून सारी इमारत गेली. लोक आधीच बाहेर काढलेले होते. येथे पोलाद मऊ पडण्याआधीच प्रसरणाने घात केला. जी वाढलेली लांबी कार्डिंग्टनमध्ये झोळात मुरली, तिनेच येथे आधार ढकलला. फरक जोडांचा आणि मांडणीचा होता. तेहरानची १७ मजली प्लास्को इमारत जानेवारी २०१७ मध्ये आगीत कोसळली, तेव्हा अग्निशमन दलाचे अनेक जवान आत होते.

तिसरी गोष्ट आग विझल्यानंतरची. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव कशी चढवतात ते जुन्या माणसांना विचारा. धाव तापवून मोठी करतात, लाकडी चाकावर बसवतात आणि पाणी ओततात. थंड होताना ती आकसते आणि चाक आवळून धरते. तापलेल्या तुळईचेही तसेच. तापताना ती कोंडली गेल्याने दबून कायमची आखूड झालेली असते. थंड होताना ती आणखी आकसते आणि टोकांचे जोड आत ओढते. कार्डिंग्टनमध्ये काही जोडांच्या पट्ट्या आग भडकलेली असताना नव्हे, तर निवताना फाटल्या. तेव्हा ‘आग विझली, आता धोका नाही’ हे वाक्य खरे नाही.

चौथी गोष्ट कामाच्या दर्जाची. झोळी टिकते ती तारांच्या जाळीवर. जाळीचे तुकडे एकमेकांवर पुरेसे चढवले नाहीत, तर नेमक्या त्या जागी स्लॅबला भेग पडते. आणि मजल्याचे काम फक्त उभे राहण्याचे नाही. खालच्या ज्वाळा वर जाऊ न देणे आणि वरची बाजू फार तापू न देणे, ही दोन कामेही त्याला करावी लागतात. भेगेतून ज्वाळा गेली तर न पडलेला मजलाही नापास ठरतो.

तास-दोन तास कशासाठी?

आपल्याकडे राहत्या इमारती बहुतेक काँक्रीटच्या असल्या तरी मोठी दुकाने, कारखाने, विमानतळ आणि मेट्रोची स्थानके यांत पोलादी सांगाडे वाढत आहेत. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग आग आणि जीवितसुरक्षेसाठीच आहे. त्यात इमारतीच्या भागांनी आगीत किती तास टिकावे हे सांगितलेले असते. हे तास इमारत वाचवण्यासाठी असतात, असा समज होतो. खरे तर ते माणसांसाठी असतात : शेवटचा माणूस जिन्यावरून खाली येईपर्यंत आणि त्याला शोधायला आत गेलेला जवान बाहेर पडेपर्यंत. पण आगीत बहुतेक बळी इमारत कोसळण्याच्या कितीतरी आधी धुराने जातात. उत्तम हिशेब करून मिळवलेले दोन तास, जिन्यात मोडके बाक रचलेले असतील तर, दोन मिनिटांच्या उपयोगाचेही राहत नाहीत.

म्हणून त्या चौकस विद्यार्थ्याला उत्तर देताना पट्टी, दोरी आणि रिंग हे तीन प्रयोग करावेत. चौथा प्रयोग म्हणून वर्गाला घेऊन शाळेचा जिना उतरावा. किती सेकंद लागतात ते मोजावे आणि वाटेत काय काय आडवे येते त्याची यादी मुलांकडूनच करून घ्यावी.